कोयासान

कोयासान हे जपानच्या होन्शू बेटावरील वाकायामा प्रांतात, कीई द्वीपकल्पाच्या डोंगराळ भागात वसलेले तीर्थक्षेत्र असून ते शिंगोन या तांत्रिक बौद्ध पंथाचे प्रमुख पीठ आहे. नावावरून एखादा डोंगर डोळ्यांपुढे येत असला, तरी प्रत्यक्षात ही समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर उंचीवरची खोलगट, सपाट भूमी आहे. तिच्याभोवती आठ शिखरे असून ती कमळाच्या आठ पाकळ्यांप्रमाणे आहेत, अशी परंपरागत धारणा आहे. या भूमीवर 117 मंदिरे आहेत आणि त्यांच्या आधाराने शाळा, विद्यापीठ व दुकाने असलेले एक छोटे गावही नांदते. 2004 मध्ये कीई पर्वतराजीतील पवित्र स्थळे आणि तीर्थमार्ग यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यात कोयासानही आहे. क्योतो वा नारा येथील मंदिरे पाहून येथे आलेल्या प्रवाशाला एक फरक लवकरच लक्षात येतो, तो म्हणजे येथील जवळजवळ सगळा व्यवहार एकाच श्रद्धेभोवती फिरतो : पीठाचे संस्थापक कुकाई मरण पावलेले नाहीत, ते ध्यानस्थ आहेत.

कुकाई (774–835) हे 804 मध्ये चीनला गेले. तत्कालीन चिनी राजधानी छांगआन येथे हुइ-गुओ या आचार्यांकडून तांत्रिक बौद्ध मताची दीक्षा घेऊन ते 806 मध्ये परतले आणि 816 मध्ये सम्राट सागा यांच्याकडून त्यांना या डोंगरात मठ उभारण्याची परवानगी मिळाली. आख्यायिका अशी की, चीनच्या किनाऱ्यावरून त्यांनी जपानच्या दिशेने भिरकावलेले तीन पात्यांचे वज्र पुढे येथील एका पाइन वृक्षावर अडकलेले सापडले. तो वृक्ष म्हणून दाखवले जाणारे झाड आजही कुंपणात जपलेले आहे. त्याच्या सुया तीन-तीनच्या जुडग्यात येतात म्हणून गळालेली अशी एखादी जुडी शोधत भाविक झाडाखाली वाकून फिरताना दिसतात. कुकाई यांना मरणोत्तर ‘कोबो दाइशी’ ही पदवी मिळाली आणि जपानी लोक त्यांचा उल्लेख बहुधा याच नावाने करतात.

ओकुनोइन हा कोयासानचा गाभा आहे. इचिनोहाशी या पुलापासून कुकाई यांच्या समाधिस्थानापर्यंत सुमारे दोन किलोमीटरची फरसबंद वाट उंच सुगी (जपानी सीडर) वृक्षांच्या रांगांतून जाते आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन लाखांहून अधिक थडगी व स्मारकशिला आहेत. ध्यानातून कुकाई उठतील तेव्हा आपण जवळ असावे, या भावनेने शतकानुशतके लोकांनी आपल्या अस्थी, निदान केस तरी, येथे पाठवले. या बाबतीत वैरी आणि मित्र असा भेद राहिलेला नाही. 1581 मध्ये कोयासानवर सैन्य धाडणाऱ्या ओदा नोबुनागा या सेनानीचे स्मारक येथे आहे, आणि पुढच्याच वर्षी त्याच्यावर उलटून त्याचा शेवट घडवणाऱ्या त्याच्याच सरदाराचे, आकेची मित्सुहिदेचेही आहे. अलीकडच्या काळात कंपन्यांनीही येथे आपल्या कर्मचाऱ्यांसाठी स्मारके उभारली. त्यांतले एक अग्निबाणाच्या आकाराचे आहे, तर कीडनाशक व्यावसायिकांनी आपल्या हातून मेलेल्या वाळवीसाठी उभारलेला दगडही आहे. परदेशी पाहुण्यांना याचे हसू येते, पण जीवहत्येबद्दलची ती जाहीर दिलगिरी आहे हे ध्यानात घ्यावे.

येथे वारंवार दिसणारा स्मारकाचा प्रकार म्हणजे एकावर एक रचलेल्या पाच दगडांचा गोरिंतो. सर्वांत खाली चौकोनी दगड पृथ्वीचा, त्यावर गोल दगड आप तत्त्वाचा, मग त्रिकोणी छपरासारखा तेजाचा, त्यावर अर्धगोल वायूचा आणि शेंड्यावर रत्नाच्या आकाराचा आकाशाचा असतो. अनेक गोरिंतोंवर या पाच तत्त्वांची बीजाक्षरे सिद्धम् लिपीत कोरलेली असतात : खालून वर अ, व, र, ह, ख. ही लिपी कुकाई चीनमधून घेऊन आले. तिची वळणे देवनागरीपेक्षा निराळी असली, तरी थोडे निरखून पाहणाऱ्या मराठी माणसाला एखाददुसरे अक्षर ओळखू येते.

गोब्योबाशी या शेवटच्या पुलापलीकडे छायाचित्रण आणि खाणेपिणे वर्ज्य आहे. पलीकडे हजारो दिव्यांचे दीपमंदिर आणि त्याच्या मागे समाधिस्थान आहे. रोज सकाळी सहा आणि साडेदहा वाजता भिक्षू लाकडी पेटीतून कुकाई यांच्यासाठी जेवण नेतात. वाटेत चव पाहणाऱ्या जिझो देवतेच्या देवळीसमोर ती पेटी थोडी थांबते आणि मग पुलावरून पुढे जाते. आळंदीची संजीवन समाधी ठाऊक असलेल्या वाचकाला या श्रद्धेचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज पडत नाही.

दांजो गारान हा मूळ मठाचा परिसर आहे. तेथील 48.5 मीटर उंचीचा कोन्पोन दाइतो हा शेंदरी रंगाचा पॅगोडा आगींमुळे अनेकदा नष्ट झाला. आजची वास्तू 1937 ची आहे. आत महावैरोचन बुद्धाची मूर्ती मध्यभागी असून भोवती चार बुद्ध आणि खांबांवर बोधिसत्त्वांची चित्रे अशी मांडणी आहे, त्यामुळे आत शिरणारा माणूस एका त्रिमितीय मंडलातच उभा राहतो. येथील मुख्य मंदिर कोंगोबु-जी. त्याची पूर्वीची वास्तू जपानचा तत्कालीन सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने 1593 मध्ये आपल्या आईच्या स्मरणार्थ बांधली आणि दोनच वर्षांनी त्याच्याच आज्ञेवरून त्याचा भाचा हिदेत्सुगु याला तेथे सेप्पुकू, म्हणजे पोट चिरून आत्महत्या, करावी लागली. मंदिराचे छप्पर हिनोकी (जपानी सायप्रस) वृक्षाच्या सालींचे आहे आणि त्यावर पावसाचे पाणी साठवणारी लाकडी पिंपे ठेवलेली आहेत, म्हणजे ठिणगी पडली तर छपरावरच पाणी हाताशी असावे. मुदपाकखान्यातील तीन प्रचंड कढयांत एका वेळी 2,000 माणसांचा भात शिजत असे. मागील बान्र्यूतेई हे शिलोद्यान 2,340 चौरस मीटरांचे असून पांढऱ्या वाळूच्या ढगांतून वर येणारे दोन ड्रॅगन त्यात 140 ग्रॅनाइट शिळांनी सुचवले आहेत.

सुमारे पन्नास मंदिरांत प्रवाशांची राहण्याची सोय होते. या पद्धतीला शुकुबो म्हणतात. ओसाकाहून सकाळी येऊन संध्याकाळी परतणारे पुष्कळ असतात, पण पहाटेची प्रार्थना आणि अग्नीत आहुती देण्याचा ‘गोमा’ विधी, जो भारतातील होमाचेच दूरवर पोचलेले रूप आहे, मुक्काम केल्याखेरीज पाहायला मिळणे कठीण. त्यामुळे कोयासानला एक रात्र तरी द्यावी. खोलीत तातामी या गवती चटया आणि जमिनीवर अंथरायची फुतोन गादी असते, न्हाणीघर बहुधा सामाईक असते आणि रात्रीचे जेवण साडेपाच-सहालाच होते. शोजिन र्योरी या जेवणात मांस, मासे, कांदा व लसूण नसतो. एरवी जपानमधील शाकाहारी दिसणाऱ्या पदार्थांतही माशांचे सार असते, येथे मात्र ते कोम्बू हे समुद्री शेवाळ आणि मशरूम यांचे करतात. कंदमुळे वर्ज्य नसल्याने जैन प्रवाशांनी आधीच विचारून घ्यावे. तीळ आणि कुझू कंदाच्या पिठापासून केलेला गोमा-दोफू आणि गोठवून वाळवलेला टोफू (सोयाबीनचे पनीर) म्हणजे कोया-दोफू हे येथले खास पदार्थ आहेत.

स्त्रियांना या क्षेत्रात प्रवेशबंदी होती. सरकारने ती 1872 मध्ये उठवली. तोपर्यंत त्यांना वेशीवरच्या न्योनिन्दो या प्रार्थनागृहांपर्यंतच येता येई. अशी सात गृहे होती, त्यांपैकी एकच उरले आहे. त्यांना जोडणारी कडेकडेची वाट आज पदभ्रमणासाठी लोकप्रिय आहे. मात्र ती बंदीमुळेच पडलेली वाट आहे, हे केवळ निसर्गासाठी येणाऱ्यांच्या सहसा ध्यानी येत नाही.

महाराष्ट्राशी कोयासानचा थेट संबंधही आहे. 1886 मध्ये स्थापन झालेल्या कोयासान विद्यापीठात 2015 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याचे अनावरण महाराष्ट्राचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते झाले.

ओसाकातील नाम्बा स्थानकावरून नानकाई कंपनीच्या रेल्वेने साधारण दीड तासात गोकुराकुबाशी येथे पोचता येते आणि तेथून 1930 पासून चालणाऱ्या केबल कारने पाच मिनिटांत वर जाऊन पुढे बस घ्यावी लागते. पायी येऊ इच्छिणाऱ्यांसाठी डोंगराच्या पायथ्याच्या जिसोन-इन मंदिरापासून वीसहून अधिक किलोमीटरची जुनी वाट असून तिच्यावर दांजो गारानपर्यंत 180 दगडी मैलखांब आहेत. उन्हाळ्यात येथील हवा ओसाकापेक्षा बरीच थंड असते आणि 13 ऑगस्टला ओकुनोइनच्या वाटेवर मेणबत्त्या लावण्याचा उत्सव होतो. पानगळीचे रंग ऑक्टोबरच्या अखेरीपासून दिसू लागतात. हिवाळ्यात बर्फ पडते. त्या काळात दक्षिणेकडील कुमानो या तीर्थक्षेत्राकडे जाणारी सुमारे 70 किलोमीटरची कोहेची वाट, जी 1,000 मीटरांहून उंच खिंडी ओलांडते, टाळावी.