ट्रिपचा खर्च सुटतो, गाडीचा का सुटत नाही?

भिवंडीत, कळंबोलीत किंवा निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरात एका-दोन ट्रकच्या मालकाला धंद्याचं विचारा. ट्रिपमागे दोन पैसे राहतात, पण वर्षाच्या शेवटी काही दिसत नाही, असंच बहुतेक जण सांगतात. दोन्ही गोष्टी खऱ्या असतात. भाड्यातून डिझेल, टोल, भत्ता, हमाली वजा केली की उरलं ते आपलं, ही हिशेबाची रीत वडिलांकडून आलेली आहे. ती ज्या काळात घडली तेव्हा पुरेशी होती. मधल्या पन्नास वर्षांत खर्चाची जागा बदलली, रीत तीच राहिली.

मुळात या धंद्यात कोण शिरणार हे बाजार ठरवत नव्हता, परमिट ठरवत होतं. 1930च्या दशकात मोटारींनी रेल्वेचा माल पळवायला सुरुवात केली, म्हणून इंग्रज सरकारने मिचेल-कर्कनेस चौकशी बसवली. पुढे 1939चा मोटार वाहन कायदा आला आणि मालवाहतूक परमिटच्या मुठीत गेली. स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षं हेच चाललं. 1954 साली टेल्कोने (आजची टाटा मोटर्स) डेमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले, पण ट्रक मिळाला म्हणजे धंदा मिळाला असं नव्हतं, परमिट हवंच. दुसऱ्या राज्यात जायचं तर आणखी कागद. ज्याच्याकडे परमिट होतं त्याला भाड्याची फारशी चिंता नव्हती, कारण गाड्या कमी आणि माल जास्त.

पैशाची वाट 1969च्या बँक राष्ट्रीयीकरणानंतर थोडी मोकळी झाली. छोटे वाहतूकदार प्राधान्य क्षेत्रात आले, ड्रायव्हरकी करणारा माणूस कर्ज काढून मालक होऊ लागला. जुन्या गाडीला मात्र बँका हात लावत नसत. ती जागा 1979 साली निघालेल्या श्रीराम ट्रान्सपोर्टसारख्या फायनान्स कंपन्यांनी आणि गावोगावच्या खासगी फायनान्सवाल्यांनी भरून काढली. व्याज चढं होतं, पण कागद कमी लागत. हप्ता हा शब्द या धंद्यात कायमचा बसला तो इथून.

मग 1988चा कायदा झाला आणि 1 जुलै 1989 पासून तो लागू झाला. परमिट मागेल त्याला मिळावं, असा त्याचा सूर. चांगलंच झालं, कारण परमिटचा काळाबाजार त्यामुळे मोडला. पण दार उघडलं तसे सगळेच आत आले. भाडं ठरवण्याची ताकद मालकाकडून निसटून बुकिंग ऑफिसात बसलेल्या दलालाकडे गेली. आज तुम्ही नाही म्हटलं तर मागे दहा गाड्या उभ्या आहेत, हे त्याला ठाऊक असतं. 2010 पासून वर्षाला 15,000 रुपये भरून देशभर फिरता येईल असं नॅशनल परमिट आलं, पुढे ते 16,500 झालं. परमिटचा खर्च मामुली झाला आणि त्याबरोबर परमिटची किंमतही.

मधल्या काळात हप्ते फिटत होते ते कशावर, हे उघडपणे कोणी लिहीत नाही. ओव्हरलोडवर. सहा चाकी गाडीचं पासिंग, म्हणजे कायद्याने मान्य भार, नऊ-दहा टन मालाचं. त्यात पंधरा-सोळा टन भरायचे, वाटेत जिथे जे द्यायचं ते द्यायचं, आणि वरच्या टनांचं भाडं म्हणजे नफा. काही राज्यं तर ठरावीक पैसे घेऊन ओव्हरलोडचं कार्डच देत. नोव्हेंबर 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कार्ड बंद करायला लावलं. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे जाऊ द्यायची नाही, असं बजावलं. अंमलबजावणी आपल्याकडे होते तशीच झाली, पण वरच्या टनांचा भरवसा गेला.

जुलै 2018 मध्ये केंद्राने पासिंगच वाढवलं. गाडी आणि माल मिळून दोन ॲक्सलची, म्हणजे सहा चाकी गाडी 16.2 टनांवरून 18.5 वर, दहा चाकी 25 वरून 28.5 वर. मालकांना वाटलं, आता कायद्यात राहून कमावता येईल. झालं उलटंच. देशातल्या गाड्यांची क्षमता कागदावर वाढली, माल तेवढाच राहिला, आणि 2019च्या मंदीत तोही आटला. त्याच सुमारास नवी दहा चाकी, बारा चाकी काढलेल्यांचे सर्वाधिक हाल झाले.

नाक्यांची गोष्टही अशीच. मुंबईत शिरताना मुलुंड किंवा दहिसरच्या जकात नाक्यावर गाडी किती तास अडकेल, हे कोणी सांगू शकत नसे. 30 जून 2017 ला मुंबईची जकात संपली, दुसऱ्या दिवशी जीएसटी आला, सीमेवरचे विक्रीकराचे चेकपोस्ट उठले. गाड्या जास्त पळू लागल्या. पण जास्त पळणाऱ्या गाड्या म्हणजे बाजारात जास्त मोकळ्या गाड्या, आणि वाचलेल्या वेळाचा फायदा भाडं कमी देणाऱ्याच्या खिशात गेला.

डिझेलचं वेगळं सांगायला नको. ऑक्टोबर 2014 मध्ये दर नियंत्रणमुक्त झाले, जून 2017 पासून रोज बदलू लागले. ऑक्टोबर 2021 मध्ये मुंबईत डिझेलने शंभरी ओलांडली. मोठ्या कंपन्यांच्या वाहतूक करारात डिझेल वाढलं की भाडं वाढण्याचं कलम असतं. ते करार करणाऱ्या ट्रान्सपोर्टरपर्यंत पोहोचतं, त्याने बाजारातून भाड्याने उचललेल्या गाडीच्या मालकापर्यंत क्वचितच. टोल दर 1 एप्रिलला वाढतो. तो निदान आधी कळतो तरी.

आता गाडी दारात उभी असतानाच्या खर्चाकडे बघा. जून 2022च्या दरांप्रमाणे 20 ते 40 टनांच्या गाडीचा थर्ड पार्टी विमा 43,950 रुपये, जीएसटी वेगळा. नॅशनल परमिट 16,500. या दोन्हींचे दिवसाला सुमारे 165 रुपये होतात. समजा हप्ता महिन्याला 45,000, म्हणजे रोजचे 1,500. ड्रायव्हरचा पगार, रोड टॅक्स, फिटनेस तपासणी सोडून दिलं तरी रोज 1,665 रुपये जातात, चाक फिरो वा न फिरो.

भिवंडीहून बेंगळुरूला, सुमारे 1,000 किलोमीटर, माल टाकला आणि रस्त्यावरचा सगळा खर्च जाऊन 9,000 उरले असं धरू. लोडिंगपासून रिकामी होईपर्यंत चार दिवस लागले तर 6,660 वजा, राहिले 2,340. दहा टायर रिमोल्डसकट (घासलेल्या टायरवर नवा थर चढवण्यासकट) 2 लाखांचे आणि ते लाखभर किलोमीटर चालले, असं मानलं तर किलोमीटरला 2 रुपये. गेले आणखी 2,000. हातात 340. आणि गोडाऊनच्या दारात तीन दिवस जादा गेले तर? टायरआधीच 2,655 रुपयांची खोट. वहीत मात्र 9,000 उरल्याची नोंद असते. टायर एका ट्रिपमध्ये फाटत नाहीत म्हणून ते वहीत येत नाहीत; येतात तेव्हा एकदम उधारीने येतात.

म्हणून माझ्या मते आजचा खरा खर्च डिझेलपेक्षा थांबण्याचा आहे, आणि तोच सगळ्यात कमी मागितला जातो. हॉल्टिंगचे, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे बिल्टीवर (मालाच्या पावतीवर) आधी लिहून घेणारे मालक मोजकेच. परतीचं भाडं ठरेपर्यंत तिकडे चार दिवस बसणारेही चांगल्या दराच्या नादात बसतात; त्या चार दिवसांचे 6,660 दरात भरून निघणार आहेत का, हे निघण्याआधी मांडायला हवं. माल चढवण्या-उतरवण्याची वाराई, म्हणजे मजुरी, गाडीवाल्याच्या माथी मारण्याची चालही जुनीच. त्याविरुद्ध पश्चिम महाराष्ट्रातल्या लॉरीमालकांनी ‘ज्याचा माल, त्याचा हमाल’ ही मोहीम चालवली, ती याच हिशेबातून. संघटना जिथे भक्कम तिथे ती टिकते, एकटा मालक भांडायला गेला तर पुढची बिल्टी जाते.

आयकराची एक गंमत आहे. 1994 पासून कलम 44एई होतं: दहापर्यंत गाड्या असणाऱ्याने वह्या ठेवायची गरज नाही, ठरावीक उत्पन्न धरून कर भरायचा. 2018-19 पासून 12 टनांवरच्या गाडीला टनामागे महिना 1,000 रुपये उत्पन्न धरलं जातं. 28.5 टनांच्या गाडीला 28,500. गाडी चालली की उभी राहिली, हे कोणी विचारत नाही. कमी कमावलं असं म्हणायचं तर वह्या आणि ऑडिट दाखवा. कागदाच्या कटकटीतून सुटका झाली हे खरं, पण लिहिण्याची सवयही त्यामुळे लागली नाही.

22 सप्टेंबर 2025 पासून ट्रक आणि टायरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, माल गाडीच्या थर्ड पार्टी विम्यावरचा 12 वरून 5 वर. क्रेडिट घेणाऱ्या कंपन्यांना याने फारसा फरक पडत नाही, भरलेला कर त्या वळताच करून घेत होत्या. जीएसटीबाहेरचा छोटा मालक तो कर गिळत होता, त्यामुळे त्याच्यासाठी ही सरळ बचत आहे. फक्त जुनी गाडी विकायला काढलेल्याला नव्याचा उतरलेला दर समोर धरून भाव सांगितला जातो.