उभी बाग द्यायची की थांबायचं? निवडीच्या अभ्यासामागचा इतिहास

ऑगस्ट सरत आला की काटोल, नरखेड, कळमेश्वर या पट्ट्यात संत्र्याच्या बागांमधून व्यापारी फिरू लागतात. अंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याअखेरीस फुललेल्या हंगामाची, फळं तेव्हा हिरवीच असतात, तोडणी अजून लांब असते. व्यापारी ओळींमधून चालत जातो, मधेच एखाद्या झाडाखाली थांबून वर पाहतो आणि बाहेर येऊन एक आकडा सांगतो. त्या आकड्याला बाग उक्ती, म्हणजे झाडावरच्या सगळ्या फळांसकट एकरकमी, दिली की पुढची फळगळ, पाऊस, बाजारभाव सगळं त्याच्या अंगावर. नाही दिली तर आपल्या. माझ्या मामांचा या दिवसांत दरवर्षी फोन येतो आणि प्रश्न एकच असतो, "काय बापू, देऊन टाकू का थांबू?"

मी नागपुरात अर्थशास्त्र शिकवतो. मामांना छातीठोक उत्तर मी आजवर एकदाही दिलेलं नाही. पण हा प्रश्न किती जुना आहे आणि किती विद्यांनी तो हाताळला आहे, हे मात्र सांगता येतं. गणित, राज्यशास्त्र, मानसशास्त्र, मेंदूविज्ञान, मानववंशशास्त्र, तत्त्वज्ञान, प्रत्येकाने आपापल्या दारातून या घरात पाऊल टाकलं. बरीच वर्षं शेजारच्या खोलीत कोण बसलंय याची त्यांना फारशी खबरही नव्हती.

युरोपातली सुरुवात जुगारातून झाली. १६५४ साली पास्कल आणि फर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांनी एकमेकांना पत्रं लिहिली. डाव अर्ध्यावर मोडला तर पणाला लावलेले पैसे कसे वाटायचे, हा विषय. त्यांनी काढलेली रीत आजही पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवली जाते: प्रत्येक संभाव्य रकमेला तिच्या शक्यतेने गुणा आणि बेरीज करा. मामांच्या बागेला हे लावून पाहू. समजा व्यापारी चार लाख देतोय. थांबलं तर निम्मी शक्यता सात लाखांची, निम्मी दोन लाखांची. सरासरी साडेचार लाख. म्हणजे थांबा.

या हिशेबात एक माणूस हरवलेला आहे. ते १७३८ साली डॅनियल बर्नुलीच्या लक्षात आलं. त्याने एक उदाहरण दिलं, आणि मला ते संत्र्याच्या सौद्याचंच वाटतं. एका गरीब माणसाच्या हाती सोडतीचं तिकीट लागलंय. निम्म्या शक्यतेने वीस हजार मोहरा, निम्म्या शक्यतेने काहीच नाही. त्याने ते नऊ हजारांना विकलं तर तो मूर्ख ठरतो का? बर्नुली म्हणतो, नाही. आणि श्रीमंत माणसाने ते नऊ हजारांना घ्यायला नकार दिला, तर मात्र तो चुकला. सौदा एकच, आणि तो दोघांनाही पटण्यासारखा आहे, कारण हजार मोहरांचं मोल दोघांच्या घरात सारखं नाही. ज्याच्या पाठीशी काही आहे तो थांबू शकतो. कृषी केंद्राची उधारी, पीककर्जाचा हप्ता आणि मुलीची फी एकाच महिन्यात आली असेल, तर चार लाख हातात घेणं हाच शहाणपणाचा हिशेब. बर्नुलीने हे इतक्या लवकर सांगितलं होतं, आणि तरी पुढच्या दोन शतकांत निवडीचं शास्त्र मुख्यतः थांबू शकणाऱ्या माणसाचं शास्त्र म्हणून वाढलं. ही माझी त्याच्याबद्दलची जुनी तक्रार आहे.

आपल्याकडे हा विचार राजाच्या मंत्रणागृहात झाला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मसलतीची पाच अंगं सांगितली आहेत: काम सुरू करण्याचा उपाय, माणसं आणि द्रव्य यांची तयारी, स्थळकाळाची वाटणी, 'विनिपातप्रतीकार' आणि कार्यसिद्धी. यातलं चौथं मला सर्वांत मोलाचं वाटतं. काम फसलं तर काय, याची तजवीज निर्णयाच्या आतच हवी. सल्लागार तीन-चार असावेत, असंही तिथे म्हटलंय. एकच असला तर त्याला आवर राहत नाही आणि दोघे असले तर ते संगनमत करू शकतात.

एकट्याची निवड एवढी अवघड, तर अनेकांची कशी? १७८५ साली कोंदोर्से या फ्रेंच विचारवंताने बहुमताच्या पोटातली एक गाठ दाखवली. तीन भावांचं सामाईक शेत धरा. थोरल्याची पसंती कापूस, मग सोयाबीन, मग तूर. मधल्याची सोयाबीन, मग तूर, मग कापूस. धाकट्याची तूर, मग कापूस, मग सोयाबीन. दोन-दोन पिकांवर मत घ्या. कापूस सोयाबीनला हरवतो, सोयाबीन तुरीला हरवते आणि तूर कापसाला हरवते, प्रत्येक वेळी दोन विरुद्ध एक. तिघेही आपापल्या जागी सुसंगत आहेत, पण घराला एक मत नाही. कोणती जोडी आधी मताला टाकली यावर निकाल फिरतो. १९५१ साली केनेथ अ‍ॅरो यांनी सिद्ध केलं की पर्याय तीन किंवा अधिक असले, तर काही साध्या, रास्त वाटणाऱ्या अटी एकाच वेळी पाळणारी मतमोजणीची कोणतीही पद्धत असूच शकत नाही.

नागपूरकराला हे वाचताना १९५० चं दशक आठवल्याशिवाय राहत नाही. आधी मध्य प्रांत व वऱ्हाडची आणि मग १९५६ पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी असलेल्या या शहरापुढे तेव्हा तीन वाटा होत्या: स्वतंत्र विदर्भ, संयुक्त महाराष्ट्र किंवा मोठं द्विभाषिक राज्य. २८ सप्टेंबर १९५३ ला, विदर्भाने एका मराठी राज्यात यावं यासाठी, नेत्यांमध्ये नागपूर करार झाला. १९५५ साली राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली. १९५६ साली प्रत्यक्षात आलं द्विभाषिक मुंबई राज्य, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र. दरवर्षी हिवाळी अधिवेशनासाठी सरकार नागपुरात येतं, ते त्या करारातल्या शब्दामुळेच. तीन वाटा समोर असताना 'लोकांना काय हवं होतं' हा प्रश्न किती निसरडा असतो, हे कोंदोर्सेच्या गाठीवरून कळतं. आजही विदर्भावरच्या वादात जो तो आपल्या सोयीची जोडी मताला टाकतो.

दुसऱ्या महायुद्धाने या अभ्यासाला वेग दिला. १९४४ साली फॉन नॉयमन आणि मॉर्गेनस्टर्न यांनी बर्नुलीच्या कल्पनेला पक्का गणिती पाया दिला आणि समोरचाही डोकं चालवतोय हे गृहीत धरून खेळ-सिद्धांत मांडला. त्याच काळात अब्राहम वाल्ड हे संख्याशास्त्रज्ञ अमेरिकेत बॉम्बफेकी विमानांच्या नुकसानीचा अभ्यास करत होते. त्यांचा मुद्दा असा: परत आलेल्या विमानांवरच्या भोकांवरून चिलखत कुठे लावायचं ते ठरवू नका, कारण जी परतलीच नाहीत त्यांना कुठे गोळी लागली ते यात दिसत नाही. हे वाचल्यापासून मी काटोलच्या पारावरच्या गप्पा वेगळ्या कानाने ऐकतो. थांबून दुप्पट पैसे केलेल्यांच्या गोष्टी तिथे भरपूर असतात. थांबून ज्याची बाग गळून गेली, तो पारावर बसायला येत नाही. वाल्ड पुढे भारतात व्याख्यानांच्या दौऱ्यावर आले आणि डिसेंबर १९५० मध्ये निलगिरीत विमान कोसळून त्यांचा अंत झाला. वय अवघं ४८.

युद्धानंतर या गणिती मांडणीला दोन दिशांनी धक्के बसले. पहिला हर्बर्ट सायमन यांचा. मिलवॉकी शहरातल्या मैदानांचा खर्च कसा ठरतो, हे त्यांनी विद्यार्थीदशेत जवळून पाहिलं होतं. कारभारी सगळे पर्याय मांडून सर्वोत्तम निवडत नाहीत, ते पुरेसा चांगला पर्याय दिसला की थांबतात, हे त्यांचं निरीक्षण. माणसाकडे वेळ, माहिती आणि डोक्याची ताकद मोजकीच असते. १९७८ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

दुसरा धक्का मानसशास्त्राकडून आला. डॅनियल काहनेमन आणि अ‍ॅमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ साली दाखवलं की माणूस एकूण संपत्ती मोजत नाही, तो एका खुणेपासून वर-खाली मोजतो, आणि खालचा एक रुपया वरच्या रुपयापेक्षा त्याला कितीतरी जास्त टोचतो. त्यांच्या पुढच्या मोजणीनुसार दुपटीहून थोडा अधिक. मामांची खूण म्हणजे गेल्या वर्षीचा भाव. गेल्या वर्षी पाच लाख आले असतील तर यंदाचे चार लाख त्यांना नफा वाटत नाहीत, एक लाखाचा घाटा वाटतात. आणि घाट्यात असलेला माणूस जोखीम घ्यायला धजावतो. 'नाही देत, जे व्हायचं ते होईल' या वाक्यामागे पुष्कळदा हीच खूण असते.

शब्दांची मांडणी बदलली की निवड बदलते, हेही त्यांच्याच कामातून पुढे आलं. १९८२ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात फुप्फुसाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया की किरणोपचार, असा पर्याय दिला होता. शस्त्रक्रियेतून शंभरातले किती जगतात असं सांगितलं, तेव्हा ती जास्त लोकांनी निवडली. किती दगावतात असं सांगितलं, तेव्हा कमी लोकांनी. आकडे तेच, आणि डॉक्टरही याला अपवाद नव्हते. नागपुरात धंतोली, रामदासपेठेतल्या दवाखान्यांबाहेर विदर्भातून, छिंदवाडा-बालाघाटकडून आलेले नातेवाईक पायऱ्यांवर बसून असा निर्णय घेताना मी पाहिले आहेत. डॉक्टरांनी कोणतं वाक्य आधी उच्चारलं, यावर तिथे केवढं काही ठरत असतं.

मेंदूच्या अभ्यासाने यात एक महत्त्वाची भर घातली. अंतोनिओ दामासिओ यांच्या काही रुग्णांच्या कपाळामागच्या भागाला इजा झाली होती. बुद्धी शाबूत, हिशेब पक्का, पण भावना बोथट. असा माणूस दोन तारखांपैकी एक निवडायला अर्धा तास घेई. भावना बाजूला ठेवून निर्णय घे, हा सल्ला आपण किती सहज देतो!

आता पुन्हा त्या व्यापाऱ्याकडे. १९८० च्या दशकात गॅरी क्लाइन यांनी अग्निशमन दलाच्या अनुभवी अधिकाऱ्यांना विचारलं, आगीपुढे पर्यायांची तुलना कशी करता? ते म्हणाले, तुलना करतच नाही. परिस्थिती ओळखीची वाटते आणि काय करायचं ते सुचतं. अनुभवाच्या नजरेवर विश्वास ठेवणारे क्लाइन आणि तिच्या चुका दाखवणारे काहनेमन यांनी २००९ साली एकत्र लेख लिहिला. त्यांचं एकमत असं: नजर भरवशाची तेव्हाच, जेव्हा जगात काही नियमितपणा असतो आणि आपला अंदाज चुकला की बरोबर, हे वारंवार कळत राहतं. संत्र्याचा व्यापारी एका हंगामात कितीतरी बागा पाहतो, आणि तोडणी झाली की त्याला प्रत्येकीचा निकाल कळतो. मामा वर्षातून एक बाग विकतात. नजर कोणाची तयार होणार? या सौद्यात पैशाची विषमता सगळ्यांना दिसते, सरावाची दिसत नाही. मला ती तितकीच मोठी वाटते.

शेतकऱ्याच्या निवडीवर थेट काम झालं ते आपल्या शेजारी. ग्लेन स्टोन या मानववंशशास्त्रज्ञाने तेलंगणातल्या वारंगळच्या कापूस शेतकऱ्यांची बियाण्याची निवड अनेक वर्षं टिपली. एका गावात एखादं वाण एका वर्षी सगळ्यांच्या शेतात, दोन वर्षांनी कुणाच्याच नाही. बाजारात नावं इतकी आणि इतक्या झपाट्याने बदलणारी, की स्वतः पारखून पाहायला उसंतच नाही. मग शेजारी काय पेरतो ते पेरायचं. यवतमाळ-वर्ध्याच्या माणसाला यात नवल वाटणार नाही. २०१३ साली तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांची पाहणी प्रसिद्ध झाली. तेच शेतकरी तोडणीआधीच्या ओढगस्तीत विचारशक्तीच्या चाचण्यांत मागे पडत आणि पैसा हाती आल्यावर सुधारत. तिच्या निष्कर्षांवर नंतर आक्षेप आले आणि वाद चालू आहे. तरी प्रश्न योग्य जागी विचारला गेला: चुकीच्या निवडीमुळे गरिबी येते, की गरिबीमुळे निवड बिघडते?

अमर्त्य सेन यांनी याच्याही मागे जाऊन पाहिलं. उपवास करणारा आणि उपासमार होणारा, दोघांच्याही पोटात अन्न नाही. पण एकासमोर ताट होतं. तेव्हा काय निवडलं एवढंच पाहून भागत नाही. काय निवडता आलं असतं, तेही पाहावं लागतं. बर्नुलीच्या गरीब माणसाला शास्त्रात पुन्हा जागा मिळाली ती इथे, असं मी मानतो.

नागपुरात निवडीबद्दल लिहायचं आणि दीक्षाभूमीपाशी थांबायचं नाही, हे होऊच शकत नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात डॉ. आंबेडकरांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. प्रत्यक्ष दीक्षा झाली १४ ऑक्टोबर १९५६ ला, इथे, लाखोंच्या साक्षीने. मधे २१ वर्षं. काय सोडायचं ते पहिल्याच दिवशी ठरलं होतं. काय स्वीकारायचं, यासाठी त्यांनी धर्मांचा अभ्यास केला, माणसांशी चर्चा केल्या, १९५० साली श्रीलंकेत आणि १९५४ साली रंगूनला बौद्ध परिषदांना ते गेले. नागपूरच का, हेही त्यांनी दुसऱ्या दिवशीच्या भाषणात कारणं देऊन सांगितलं. बौद्ध धम्माचा प्रसार करणाऱ्या नाग लोकांची ही भूमी, असा त्यांचा दाखला होता. जन्माने चिकटलेली गोष्ट निवडीच्या कक्षेत आणणं, म्हणजे ताट नसलेल्यांनी आधी ताट घडवणं, हे त्या दिवशी घडलं.

अशा निवडीपुढे गुणाकार-बेरजेची रीत तोकडी पडते. अमेरिकी तत्त्वज्ञ एल. ए. पॉल यांनी २०१४ साली त्याचं कारण मांडलं: काही निवडी निवडणाऱ्यालाच बदलून टाकतात, त्यामुळे आधीच्या माणसाला नंतरच्या माणसाचं सुखदुःख मोजताच येत नाही. १९५६ साली बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या शेतमजुराला, गिरणी कामगाराला हे शब्दांत सांगता आलं नसेल, पण उद्या आपण वेगळे असू हे जाणूनच तो हात जोडून उभा होता. त्यांची नातवंडं आता दरवर्षी दसऱ्याला मिळेल त्या गाडीने येतात. स्तूपाचं दर्शन घेतात, आणि मग पुस्तकांच्या दुकानांपुढे गर्दी करतात. दोन पुस्तकं हातात धरून, पैसे मोजत, कोणतं घ्यायचं ते ठरवत बराच वेळ उभी असतात.