साधं बीपी की स्क्लेरोडर्मातलं किडनीचं संकट?

बीपीच्या मशीनवर 150/90 दिसलं की घरात ठरलेलं वाक्य येतं, "दगदग झाली असेल, मीठ कमी कर." निफाड-दिंडोरीकडे द्राक्षांच्या हंगामात तर हमखास. एरवी त्यात फार बिघडत नाही, कारण साधं बीपी वर्षानुवर्षं हळूहळू चढतं आणि बहुधा काहीच त्रास जाणवू देत नाही. औषध दोन आठवडे उशिरा सुरू झालं तरी सहसा चालून जातं.

सिस्टेमिक स्क्लेरोसिस, म्हणजेच स्क्लेरोडर्मा (कातडी आणि आतले अवयव घट्ट होत जाणारा आजार) असलेल्या माणसाला मात्र ही सवलत नाही. तिथे काहींचं बीपी काही दिवसांत उसळतं आणि किडनी त्याच वेगाने बसत जाते; हेच किडनीचं संकट. सर्वाधिक धोका आजाराच्या पहिल्या चार-पाच वर्षांत, कातडी कोपराच्या वर, छातीवर, मांड्यांवर झपाट्याने घट्ट होत असलेल्यांना. डोकं ठणकणं, अंधुक दिसणं, धाप लागणं, लघवी कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि लघवीची तपासणी करून घ्या.

आकडा वाचतानाही फरक आहे. कायम 105/70 असणाऱ्या बाईचं 136/88 झालं, तर मशीनला ते ठीक वाटेल. तिच्यासाठी ती धोक्याची घंटा आहे. वरचा आकडा नेहमीपेक्षा 30ने चढला की डॉक्टरांना कळवायचंच. म्हणून घरी मशीन आणि नोंदवही हवीच, धोक्याच्या काळात आठवड्यातून दोन-तीनदा तरी. हे संकट आलेल्या सुमारे दहांतल्या एकाचं बीपी चढतही नाही, तेव्हा रक्त-लघवीच्या तपासण्या चुकवू नयेत.

सांधे दुखतात म्हणून गावातून स्टेरॉइड आणून खाणं इथे फार महागात पडतं. प्रेडनिसोलोन रोज 15 मिलिग्रॅमच्या वर गेलं की या संकटाचा धोका वाढतो. पण आधीपासून चालू असेल तर ते मनाने एकदम बंदही करू नका.

उपचारात तर दोन्हींचे रस्ते उलटे. साध्या बीपीत एसीई इनहिबिटर गटाची (बीपी उतरवणारी) गोळी घेताना क्रिएटिनिन खूप वाढलं, तर डॉक्टर ती सहसा थांबवतात. इथे कॅप्टोप्रिलसारखी याच गटाची गोळी तातडीने सुरू करून डोस वाढवत नेतात, आणि क्रिएटिनिन चढलं तरी सोडत नाहीत. संकट टळावं म्हणून ती आधीपासून घेण्याचा मात्र उपयोग दिसलेला नाही. डायलिसिस लागलं तरी काहींची किडनी कित्येक महिन्यांनी सावरते, म्हणून प्रत्यारोपणाची घाई करत नाहीत आणि गोळी तेव्हाही चालूच ठेवतात.