पुणे परिसराचं वय मोजणारी समस्थानिकं

सिंहगडाचा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, इनामगावची वस्ती साडेतीन हजार वर्षांपूर्वीची, ही विधानं पुण्यात नेहमी कानावर पडतात. हे आकडे आले कुठून, हे मात्र क्वचितच कुणी सांगतं. दोन्हींच्या मुळाशी समस्थानिकांची कल्पना आहे आणि ती जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांची आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रसायनशास्त्रज्ञ पेचात सापडले होते. युरेनियम आणि थोरियमच्या ऱ्हासातून, म्हणजे त्यांचे अणू आपोआप फुटण्यातून, नवनवी 'मूलद्रव्यं' सापडत होती आणि आवर्तसारणीत त्यांना पुरेशा जागाच नव्हत्या. त्यातली काही तर एकमेकांपासून कुठल्याही रासायनिक क्रियेने वेगळी होईनात. जॉर्ज हेवेशी या तरुण संशोधकाने रदरफर्डच्या मँचेस्टरमधल्या प्रयोगशाळेत शिशातून अशाच एका किरणोत्सारी पदार्थाला, 'रेडियम-डी'ला, बाजूला काढायचा खूप प्रयत्न केला, पण यश आलं नाही. १९१३ मध्ये ग्लासगोच्या फ्रेडरिक सॉडीने उलगडा केला: हे पदार्थ वेगळे होत नाहीत, कारण रासायनिकदृष्ट्या ते एकच मूलद्रव्य आहे. सारणीतलं स्थान एक, अणूंचं वस्तुमान निराळं, म्हणून ती समस्थानिकं. त्याच सुमारास केंब्रिजला जे. जे. थॉमसन यांना किरणोत्सारी नसलेल्या निऑनमध्येही २० आणि २२ अशी दोन वस्तुमानं दिसली. त्यांचा सहकारी अ‍ॅस्टन याने १९१९ मध्ये अणूंना वस्तुमानानुसार वेगळं करणारा वस्तुमान वर्णपटलेखक बांधला आणि बहुतेक मूलद्रव्यांमध्ये अशी भावंडं आहेत हे दाखवून दिलं. असं का होतं, हे कळायला १९३२ उजाडलं. चॅडविकने अणुकेंद्रातला विद्युतभार नसलेला कण, न्यूट्रॉन, शोधला तेव्हा.

कार्बनचं उदाहरण घेऊ. त्याच्या प्रत्येक अणूत ६ प्रोटॉन असतात. न्यूट्रॉन ६ असले तर कार्बन-१२, ७ असले तर कार्बन-१३, ८ असले तर कार्बन-१४. निसर्गातला सुमारे ९९ टक्के कार्बन पहिल्या प्रकारचा आणि सुमारे १ टक्का दुसऱ्या प्रकारचा. तिसरा जवळपास लाख कोटी अणूंमागे एक. तिघंही सारखेच जळतात, झाडात सारखेच शिरतात. फरक पडतो तो दोन ठिकाणी. जड अणू थोडे मंद हालतात. आणि काही अणुकेंद्रं अस्थिर असल्याने कालांतराने फुटतात. या फुटण्याचा वेग उष्णतेने, दाबाने किंवा पाण्यात भिजल्याने बदलत नाही. निम्मे अणू फुटायला लागणारा काळ म्हणजे अर्धायुष्य. कार्बन-१४ चं ५७३० वर्षं, आयोडीन-१३१ चं ८ दिवस, पोटॅशियम-४० चं १२५ कोटी वर्षं.

अमेरिकेत विलर्ड लिबीने १९४९ मध्ये इजिप्तच्या थडग्यांतल्या, वय आधीच माहीत असलेल्या लाकडावर, कार्बन-१४ किती उरलाय यावरून वय काढण्याची पद्धत पारखून घेतली. पुण्याच्या पुरातत्त्वज्ञांसाठी ही फार मोठी गोष्ट होती. डेक्कन कॉलेजात ह. धी. सांकळिया आणि त्यांचे सहकारी जोर्वे, नेवासे, नावडातोली इथल्या ताम्रपाषाणयुगीन वस्त्या उकरत होते. तिथे नाणी नव्हती, शिलालेख नव्हते. काळ ठरवायचा तो खापरांच्या घडणीवरून आणि रंगकामावरून, म्हणजे बऱ्याच अंशी अंदाजाने. उत्खननातल्या कोळशाला त्यामुळे अचानक मोल आलं. सुरुवातीला नमुने परदेशी जात. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपली कार्बन प्रयोगशाळा उभी राहिली आणि नंतर ती अहमदाबादला गेली. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावला १९६८ ते १९८३ या काळात खणलेल्या थरांना याच पद्धतीने क्रम मिळाला: इ. स. पू. १६०० च्या सुमाराची माळवा संस्कृती, मग आद्य जोर्वे, आणि इ. स. पू. ७०० च्या आसपास संपणारी उत्तर जोर्वे. घराच्या जमिनीखाली रांजणांत पुरलेली लहान मुलं कुठल्या शतकातली, हे आज सांगता येतं ते चुलीतल्या कोळशामुळे. मला ही विसाव्या शतकातल्या मराठी संशोधनविश्वातली अतिशय मोलाची घटना वाटते.

दगडाला कार्बन उपयोगाचा नाही. तिथे पोटॅशियम-४० लागतो. त्याचा काही भाग आर्गॉन वायू बनून खडकात अडकून राहतो. पण आपल्या बेसाल्टमध्ये पोटॅशियम मुळात कमी, आणि खडक झिजला की आर्गॉन निसटतो. त्यामुळे दख्खनच्या लाव्ह्याची सुरुवातीची वयं कोट्यवधी वर्षांच्या फरकाने विखुरलेली होती. १९८८ मध्ये सुधारित आर्गॉन पद्धतीने ती साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास, डायनोसॉर संपले त्या काळाशी येऊन मिळाली. घाटात रस्त्यासाठी कापलेल्या कड्यात लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये विटकरी पट्टा दिसतो ना, तशा पट्ट्यांतून झिरकॉन या खनिजाचे सूक्ष्म स्फटिक वेचून २०१५ मध्ये युरेनियम-शिसे पद्धतीने (किती युरेनियमचं शिसं झालं ते मोजून) हे वय आणखी नेमकं झालं.

वस्तुमानातल्या फरकाचा उपयोग पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले संशोधक करतात. ऑक्सिजन-१८ असलेलं पाणी आधी ढगातून गळतं, म्हणून पुढच्या सरींत ते कमी होत जातं. पाऊस, गुहांतले चुनखडीचे खांब, सागाची वलयं यांतलं ऑक्सिजनचं प्रमाण मोजून जुन्या मान्सूनचा माग काढता येतो.

रुग्णालयातल्या वापराचं मूळ हेवेशीच्या त्या फसलेल्या प्रयोगात आहे. वेगळं होत नाही, तर मग खूण म्हणून वापरू, असं त्याने ठरवलं आणि १९२३ मध्ये किरणोत्सारी शिसं शेंगवर्गीय रोपात कसं चढतं ते पाहिलं. आज हाडांच्या स्कॅनला देतात ते टेक्नेशियम-९९एम हेच काम करतं. त्याचं अर्धायुष्य ६ तासांचं, म्हणजे दिवसभरात सोळावा हिस्सा उरतो. स्कॅनचं नाव काढताच घाबरणाऱ्या घरच्यांना ही गोष्ट समजावून सांगायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

या पद्धती कधी कधी एकमेकींशी भांडतातही, आणि त्याचं ठळक उदाहरण जुन्नर तालुक्यातलं आहे. बोरी गावाजवळ कुकडीच्या काठावर ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्याच्या संगतीने अश्मयुगीन हातकुऱ्हाडी मिळाल्या. १९८८ मध्ये पोटॅशियम-आर्गॉनने राखेचं वय सुमारे १४ लाख वर्षं आलं. १९९५ मध्ये सुधारित पद्धतीने ६ लाख ७० हजार. मग १९९८ च्या अभ्यासात राखेतल्या काचेच्या कणांवरून निष्कर्ष निघाला की भारतीय द्वीपकल्पातली अशी सगळी राख सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या ७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची आहे. राखेत आसपासच्या बेसाल्टचे थोडे जरी कण मिसळले, तरी त्यांतला जुना आर्गॉन वय फुगवतो. शिवाय नदीने राख वाहून आणून पुन्हा पसरलेली असली, तर राखेचं वय कळूनही हत्यारांचं वय कळत नाही. चेन्नईजवळच्या अत्तिरमपक्कमला २०११ मध्ये हातकुऱ्हाडींचं वय सुमारे १५ लाख वर्षं ठरलं, ते वैश्विक किरणांमुळे तयार होणाऱ्या बेरिलियम-१० आणि अ‍ॅल्युमिनियम-२६ वरून. ती पद्धत क्वार्ट्झच्या, म्हणजे गारेच्या, दगडांवर चालते. कुकडीच्या खोऱ्यातला बेसाल्ट मात्र जवळजवळ क्वार्ट्झविनाच असतो.