सग्वारो लहानाचा मोठा होतो तो सावलीत

हात वर करून उभा असलेला उंच निवडुंग चित्रांमध्ये कुठल्याही वाळवंटात दाखवतात. प्रत्यक्षात हा सग्वारो निसर्गतः उगवतो तो एकट्या सोनोरन वाळवंटात. अमेरिकेतल्या ॲरिझोनाचा दक्षिण भाग, मेक्सिकोतलं सोनोरा राज्य आणि कॅलिफोर्नियाच्या आग्नेय कडेची तुरळक झाडं, संपली त्याची हद्द. मोहावे आणि चिवावा ही मोठी वाळवंटं शेजारीच आहेत, पण तिकडे त्याला पाय रोवता आलेले नाहीत.

याचं एक कारण थंडी. एखाद्या रात्री पारा शून्याखाली गेला तर मोठा सग्वारो तग धरतो. दुसऱ्या दिवशीही तो वर आला नाही, तर मात्र त्याच्या मांसल खोडातलं पाणी गोठतं आणि झाड सडायला लागतं. म्हणूनच समुद्रसपाटीपासून १२०० मीटरच्या वर तो क्वचितच भेटतो, आणि डोंगर चढलाच तर हिवाळ्यात ऊन खाणाऱ्या दक्षिण उतारावरून चढतो.

दुसरं कारण पाऊस. सोनोरनमध्ये तो वर्षातून दोनदा येतो: हिवाळ्यात पॅसिफिककडून येणारी संथ सर, आणि जुलै ते सप्टेंबर विजांच्या कडकडाटासह कोसळणारा पाऊस. तिथले लोकही याला मॉन्सूनच म्हणतात. ॲरिझोनातल्या टूसॉन शहरात वर्षभराचा पाऊस सरासरी ३० सेंटिमीटरही भरत नाही, पण वेळेवर पडला तर सग्वारोचं त्यात भागतं. त्याची बहुतेक मुळं जमिनीखाली जेमतेम दहा सेंटिमीटरवर असतात आणि झाडाच्या उंचीइतकी दूर पसरतात. पाऊस ओसरायच्या आत पाणी उचलायचं, एवढंच त्यांचं काम. पाणी भरलं की खोडावरच्या उभ्या घड्या पेटीच्या भात्यासारख्या उघडतात, कोरड्या महिन्यांत मिटत जातात. हिरव्या खोडावरची रंध्रं उघडतात तीही रात्री. हवा गार असताना कार्बन डायऑक्साइड आत घेऊन साठवायचा, आणि दिवसा दारं लावून घेऊन उन्हात त्याचं अन्न करायचं.

पण मला या झाडाची सगळ्यात विलक्षण वाटते ती त्याची सुरुवात. एका फळात सुमारे दोन हजार काळ्या बिया असतात. फळं जूनमध्ये, पाऊस यायच्या जरासं आधी पिकतात. इथले मूळ रहिवासी असलेले तोहोनो ओओधाम लोक तेव्हा सग्वारोच्याच वाळक्या काड्यांच्या लांब काठीने ती पाडून त्यांचा पाक करतात. उघड्यावर रुजलेलं रोप उन्हाने करपतं, थंडीने मरतं किंवा उंदीर-सशांच्या तोंडी जातं. जगतं ते बहुधा पालो व्हर्दे, आयर्नवूड किंवा मेस्कीटच्या झाडाखाली रुजलेलं. मेस्कीट ही आपल्याकडच्या वेड्या बाभळीची जवळची नातेवाईक. अशा झाडाची सावली दिवसा ऊन अडवते, रात्री जमिनीची ऊब धरून ठेवते, आणि काटेरी फांद्यांमुळे प्राणी सहज आत शिरत नाहीत. पहिल्या आठ वर्षांत रोप वाढतं किती? अडीच ते चार सेंटिमीटर! पहिलं फूल साधारण पस्तिसाव्या वर्षी, पहिला हात पन्नास ते सत्तराव्या वर्षी, आणि कोरड्या जागी शंभरी आली तरी हात फुटत नाही. पुढे तो बारा मीटरच्या वर जातो आणि दीडशे वर्षं सहज जगतो. तोवर त्याला सांभाळणारं झाड बहुतेकदा मरून गेलेलं असतं.

टूसॉनजवळच्या सग्वारोंना संरक्षण मिळालं १९३३ साली. आज तिथे राष्ट्रीय उद्यान आहे. पण विसाव्या शतकाच्या मध्यावर तिथले जुने सग्वारो धडाधड कोसळू लागले. आधी रोगाचा संशय आला. पुढे लक्षात आलं की कडाक्याच्या थंडीने मोठी झाडं खिळखिळी झाली होती, आणि त्यांची जागा घ्यायला खाली रोपंच नव्हती. अनेक वर्षांच्या चराईने आणि सरपणासाठीच्या तोडीने सावली नाहीशी केली होती. चराई थांबल्यावर रोपं पुन्हा दिसू लागली.

आता उष्णतेची भर पडली आहे. २०२३च्या उन्हाळ्यात ॲरिझोनातल्याच फिनिक्स शहरात सलग ३१ दिवस कमाल तापमान ४३ अंश सेल्सिअसच्या वर राहिलं. रात्रीही हवा तापलेली असली की रंध्रं उघडून श्वास घेणं महाग पडतं, कारण त्यातून पाणी उडून जातं. त्या उन्हाळ्यात शहरातल्या सग्वारोंचे हात गळून पडले, काही झाडं आडवी झाली.

दुसरं संकट गवताचं आहे, आणि ते गवत आपल्या ओळखीचं आहे. आपण चाऱ्यासाठी लावतो ते अंजन गवत विसाव्या शतकात मुद्दाम ॲरिझोनात नेलं गेलं, गुरांसाठी आणि धूप थांबवण्यासाठी. तिथे ते बफेल नावाने डोंगरउतारांवर पसरलं. सोनोरनमध्ये झुडपांच्या मध्ये मोकळी माती असते, त्यामुळे आग पूर्वी फारशी पसरत नसे. अंजनाने ती मोकळी जागा वाळक्या गवताने भरून टाकली. आग गेल्यावर अंजन बुडख्यातून पुन्हा फुटतं, सग्वारोला मात्र अशा आगीची सवयच नाही, आणि त्याच्यावर सावली धरणारा पालो व्हर्देही जळून जातो. म्हणून टूसॉनचे स्वयंसेवक हे गवत कुदळ-पहारीने मुळासकट उपटतात. जिथे ते फार माजलं आहे तिथे पावसानंतर ते हिरवं असतानाच तणनाशक फवारावं लागतं, कारण वाळलेल्या गवतावर औषध चालत नाही. हिरवेपणाचे ते दिवस वर्षाला थोडेच मिळतात, आणि बी जमिनीत शिल्लक असल्याने त्याच उताराकडे पुढच्या वर्षीही जावं लागतं.