पोर्शे ९११ (९९६): बेअरिंगची भीती किती खरी?

जुनी पोर्शे ९११ घ्यायचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतंच, "९९६ नको रे बाबा, बेअरिंग जातं आणि इंजिनाची वाट लागते." (९९६ हे ९११ च्या एका जुन्या पिढीचं नाव.) यात तथ्य आहे, पण सरसकट नाही.

मामला इंटरमीजिएट शाफ्टच्या, म्हणजे क्रँकशाफ्टची गती व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टकडे नेणाऱ्या दांड्याच्या, बेअरिंगचा. ते फुटलं तर टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनच्या हालचालींचा मेळ, बिघडतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन संपतं. पण अमेरिकेतल्या सामूहिक दाव्यात पुढे आलेले आकडे बघा: सुरुवातीच्या दुहेरी रांगेच्या (गोळ्यांच्या दोन रांगा असलेल्या) बेअरिंगमध्ये बिघाड १ टक्क्याहून कमी, नंतरच्या एकेरी रांगेच्यात सुमारे ८ टक्के. ८ टक्के हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत; पण "प्रत्येक गाडी जाते" हे साफ खोटं. टर्बो आणि जीटी३ या जास्त ताकदीच्या प्रकारांमध्ये तर इंजिनच वेगळं, तिथे ही भानगड नाही. २००९ च्या मॉडेलपासून कॅरेराच्या, म्हणजे साध्या ९११ च्या, इंजिनातून तो शाफ्टच गेला.

म्हणून गाडी घेण्याआधी ऑइल फिल्टर उघडून बघायला सांगा. कागदाच्या घड्यांत चकाकणारा धातूचा कीस दिसला, तर सौदा तिथेच सोडा. क्लच बदलताना गिअरबॉक्स उतरलेलाच असतो, म्हणून बरेच जण तेव्हाच हे बेअरिंगही बदलतात. त्याचं बिल मागा.

मग चालवून बघा. हायड्रॉलिक स्टिअरिंगमधून रस्त्याचा खडबडीतपणा थेट तळहातात येतो. पुढचं टोक हलकं वाटतं, कारण इंजिन मागच्या चाकांच्याही मागे. ९९६ च्या हेडलाइटच्या आकारावरून नाकं मुरडणारे या गाडीत बहुधा बसलेलेच नसतात.