पाय नाहीत, त्याला कसली सायकल?

परभणीकडं अजून ऐकू येतं: “दिसत नाही, पाय चालत नाहीत, अशाला कसली सायकल?” हा निव्वळ गैरसमज. तोल सांभाळायचा तो दोन चाकांवर. तिसरं चाक आलं की ती भीती बरीचशी मिटते. पायडल हातानंही फिरतं. बसस्टँडबाहेरची हातानं चालवायची तीनचाकी आपण रोज बघतो, पण तिला सायकल म्हणायला आपली जीभ वळत नाही!

न दिसणाऱ्यासाठी जोडसायकल, म्हणजे टँडम: एकामागं एक दोघं बसतात ती. पुढं बसलेला डोळस माणूस हँडल-ब्रेक सांभाळतो, पायडल दोघंही मारतात. दोघांचे पायडल साखळीनं जोडलेले, त्यामुळं मागच्यानं अंग चोरलं की पुढच्याच्या मांड्यांना लगेच कळतं. पॅरालिम्पिकमध्ये टँडमच्या शर्यती होतात. हातानं चालवायच्या हँडसायकलच्या शर्यतीही तिथं २००४ च्या अथेन्सपासून आहेत.

पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदीत मात्र नेऊ नका. तिथं धडधाकटाचीही रुतते.